लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन बघा, ग्राफिक्स कार्डचं नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तेव्हापासून आमच्याकडे जो तो नवीन लॅपटॉपच्या मागे लागलाय. सोलापुरात माझं डीटीपीचं काम आहे, दिवसभर मराठी टाइप आणि प्रूफं यातच असते, त्यामुळे ओळखीचे लोक लॅपटॉप घ्यायच्या आधी विचारायला येतात, आणि बरेच जण तर घेऊन झाल्यावर येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, ताई, ग्राफिक्स कार्ड (चित्र, गेम, व्हिडिओसाठीची वेगळी चिप) किती जीबीचं पाहिजे? स्क्रीनचं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे ठिपके, किती असावं हे मात्र कुणी म्हणजे कुणी विचारत नाही, आणि रोज आठ-आठ तास बघायचं असतं ते स्क्रीनकडेच. म्हणून हे पत्र.

दुकानात काय होतं ते सांगते. मुलगी बीकॉमला असो की मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, "साहेब, ग्राफिक्सवालाच घ्या, पुढे अडायला नको" हे वाक्य ठरलेलं. आईवडील बिचारे पोराचं नुकसान नको म्हणून ताणून बजेट वाढवतात. आणि घरी आल्यावर बघावं तर स्क्रीन 1366 बाय 768 ची! डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात "एचडी" लिहिलेलं असतं आणि एचडी म्हटलं की माणसाला वाटतं चांगलंच असणार. तर लक्षात ठेवा, लॅपटॉपच्या डब्यावर नुसतं एचडी असेल तर बहुतेक वेळा ती हीच 1366 बाय 768 वाली स्क्रीन असते, आपल्याला पाहिजे ते एफएचडी म्हणजे फुल एचडी, 1920 बाय 1080. पहिल्यात साधारण साडेदहा लाख ठिपके आणि दुसऱ्यात पावणेएकवीस लाखाच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट, तेवढ्याच 15.6 इंचात.

हा फरक इंग्रजीत एकवेळ चालून जातो पण आपल्या देवनागरीत नाही चालत. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, हे सगळं मावायला उभी जागा लागते. "अटी व शर्तींनुसार" यातला र्तीं बघा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही एकाच्या डोक्यावर. कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर बारीक टाइपात त्या तिघांचा मिळून एक काळा ठिपका होतो, अनुस्वार आहे की नाही ते कळत नाही आणि मग आपण झूम करत बसतो. झूम केलं की ओळ अर्धी बाहेर जाते, कारण 768 ची उंची असते केवढी, त्यातलं वरचं ब्राउझरने खाल्लं, खालचं टास्कबारने, उरलेल्या पट्टीत वाचायचं. तुमच्या पेपरचं ई-पेपर पान किंवा सातबारा अशा स्क्रीनवर वाचून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

याचा अर्थ 4के घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. 15.6 इंचात 4के म्हणजे 83 लाख ठिपके, विंडोज तेच परत 200 किंवा 250 टक्के मोठं करून दाखवणार, बॅटरी लवकर उतरणार आणि काही जुन्या सॉफ्टवेअरची बटणं एवढीशी दिसणार. रोजच्या कामाला फुल एचडी भरपूर झालं. 14 इंचात 1920 बाय 1200 मिळाली तर उत्तमच, उंची जास्त असल्याने वर्डचं पान जास्त दिसतं. आणि पॅनल, म्हणजे स्क्रीनचा पडदा, आयपीएस प्रकारचं आहे का तेवढं विचारा. साध्या टीएन पॅनलवर झाकण जरा मागेपुढे केलं की रंग उडतात, फोटोतला चेहरा वरून पांढराफटक आणि खालून काळवंडलेला दिसतो. दुकानात उभ्या उभ्या झाकण हलवून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. आज लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, इंटेलचं यूएचडी किंवा आयरिस एक्सई, एएमडीचं रेडिऑन. वर्ड, एक्सेल, टॅली, झूम, यूट्यूब, ओटीटी, पीपीटी, सी आणि पायथनचं प्रोग्रॅमिंग, टू-डी ऑटोकॅडसुद्धा यावर आरामात चालतं. खात्री करायची तर ज्यांच्याकडे कार्डवाला लॅपटॉप आहे त्यांनी नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा, तिथे जीपीयू 0 आणि जीपीयू 1 असे दोन दिसतील. आमच्या शेजारच्यांच्या लॅपटॉपवर मी हे करून दाखवलं तेव्हा एक्सेल उघडं, व्हिडिओ चालू, आणि जीपीयू 1, म्हणजे ज्याचे जादा पैसे मोजले ते कार्ड, शून्य टक्क्यावर! वर गेमिंगवाला लॅपटॉप बहुतेक दोन किलोच्या पुढे, अडॅप्टर विटेएवढा, आणि तो पाठीवर घेऊन पोरगी रोज बसमध्ये उभी.

त्यापेक्षा ते पैसे रॅममध्ये, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीत घाला. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं, म्हणून 8 जीबी रॅम एकाच कांडीत (स्लॉटमध्ये बसवायच्या पट्टीत) असेल तर तिथेच अडतं. आयरिस एक्सईवाल्या लॅपटॉपमध्ये तर एकच कांडी असली की विंडोज त्याला नुसतं यूएचडी म्हणून दाखवतं आणि दुसरी कांडी लावली की नाव बदलून आयरिस एक्सई येतं, वेगही वाढतो. फक्त रॅमचा दुसरा स्लॉट आहे का ते घेतानाच विचारून घ्या, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते.

कार्ड कुणालाच नको असं नाही. रेव्हिट, सॉलिडवर्क्स, ब्लेंडर अशी थ्रीडी सॉफ्टवेअरं, मोठं व्हिडिओ एडिटिंग, मशीन लर्निंग किंवा खरंच गेम खेळायचे असतील तर घ्या, आणि मग चांगलंच घ्या. नुसतं नावाला दोन जीबीचं कार्ड आणि त्याला जोडून एचडी स्क्रीन, असा जोड मात्र कुणीच घेऊ नये, कारण रॅम (सोल्डर केलेली नसेल तर) आणि एसएसडी, म्हणजे फायली साठवायची जागा, नंतर वाढवता येते, स्क्रीन बदलायची म्हणजे खर्च आणि वॉरंटीची भानगड.

संपादक साहेब, एक विनंती. जूनमध्ये आणि दिवाळीला तुमच्या अंकात लॅपटॉपच्या पान-पानभर जाहिराती येतात. त्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स सगळं असतं, स्क्रीनचं फक्त इंच. रिझोल्यूशनचे दोन आकडे आणि पॅनलचा प्रकार छापायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही हे मी डीटीपीवाली म्हणून सांगते. जाहिरातदारांकडून तेवढं मागून घ्या, आणि खरेदीच्या पुरवणीत तुमचे लोक जे तक्ते करतात त्यात हा रकाना किमतीच्या शेजारीच ठेवा.

आपली,
एक वाचक, सोलापूर