आधी पोटात काहीतरी घाल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

घाटकोपर यायच्या आत लोकलमध्ये छाती धडधडायला लागली, हात गार पडले, हे काल फोनवर ऐकलं आणि जीव खालीवर झाला. मावशीने म्हणे बदाम आणि ब्राह्मी सुचवली. बदाम खा की, पण त्याने चिंता जात नाही.

मी लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, म्हणून विचारते: सकाळी काय खाऊन निघतेस? मला ठाऊक आहे, काही नाही. मेट्रोने अंधेरीला पोचलीस की मोठा मग कॉफी, आणि जेवण मीटिंग संपेल तेव्हा. पोट फार वेळ रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरू शकते. ती सावरायला शरीर अॅड्रेनलिन सोडतं. मग धडधड, घाम, हाताला कंप. माणूस घाबरला तरी हेच होतं गं! मन मग कारण शोधत बसतं, आणि तुझ्याकडे अप्रेझल तयारच आहे.

त्यात कॉफी. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेलं रात्री अकरालाही निम्मं अंगात. झोपेचं खोबरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, पण तू बाबांवर गेलीस. त्यांना संध्याकाळचा कटिंगसुद्धा सोसत नाही. एकदम बंद करू नकोस, डोकं ठणकेल. आधी दुपारनंतरची सोड.

सकाळी दोन पोळ्यांचा रोल तरी खा, नाहीतर उकडलेली अंडी. अंडी खात नसशील तर दही आणि मूठभर शेंगदाणे. स्टेशनबाहेरच्या पोळीभाजी केंद्रातून डबा लाव, वडापाववर दिवस काढू नकोस.

हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइड तपासून घे. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड होते, आणि त्याला वेगळं औषध असतं.

हे सगळं करूनही भीती राहिली, ट्रेनमध्ये चढायचंच टाळावंसं वाटलं, तर डॉक्टरांकडे जा. खाण्याने शरीराची कुरकुर कमी होईल, पण चिंतेच्या आजारावर समुपदेशन आणि गरज पडली तर गोळ्या, हाच उपाय. त्यात लाज कसली? रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात. मला तर कधीही उठव. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र फोन नंतर कर, आधी दवाखान्यात जा.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. चष्मा लावून वाचते.

तुझी,
आई