अभ्यासकेंद्रावरच्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात प्रवेशाला आलेल्या माणसापुढे तुम्ही फॉर्मच्या आधी कोरा कागद ठेवता आणि विचारता, "आठवड्यात हातात खरे तास किती?" शेती, एमआयडीसी, दुकान, घरदार सांभाळून बीए-बीकॉम करणारे आम्ही सगळे या एका प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार मानतो.

दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास, हे छापलेलं असतं, पण त्याचा हिशेब मांडून दाखवणारं कुणी क्वचितच भेटतं. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. परीक्षेला २० आठवडे असतील तर आठवड्याला ६ तास. असे पाच विषय एकदम अंगावर घेतले की आठवड्याला ३० तास हवेत. आठ तासांची शिफ्ट, एसटीचा प्रवास, स्वयंपाक, गुरांचं वैरणपाणी यातून तेवढे तास कुणाचेच सुटत नाहीत. नोकरदार विद्यार्थी बहुतेक वेळा इथंच मागे पडतो आणि मग 'आपल्याला डोकंच नाही' असं धरून बसतो. कागदावर १२ तास निघाले तर दोन विषय पक्के करा, बाकीचे पुढच्या परीक्षेला ठेवा, असं तुम्ही स्पष्ट सांगता. पदवीला वेळ जास्त लागेल हेही लपवत नाही, आणि नोंदणीच्या मुदतीत सगळं कसं बसेल ते तिथल्या तिथे मांडून देता.

दुसरा कागद वर्षाचा. हिवाळी परीक्षा आल्या की शेतात कापसाची वेचणी जोरात असते आणि मजूर मिळत नाहीत. उन्हाळी परीक्षांच्या आगेमागे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि लगीनसराई. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, घरात नैवेद्याच्या रोटांची गडबड असते, आणि संपर्कसत्र, म्हणजे केंद्रावरचा वर्ग, तोही रविवारीच. हे सगळं तुम्ही आधीच लाल पेनाने भरून घेता आणि उरलेल्या जागेत अभ्यास बसवता. म्हणून जून ते सप्टेंबर हे अभ्यासाचे खरे महिने धरायचे आणि वेचणी सुरू झाल्यावर फक्त उजळणी, हे आम्हाला पटलं. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात पहाटेचा अभ्यास लावायचाच नाही, दुपारचा एक तास धरायचा. नळाला पाणी येतं तो दिवसही सोडून द्यायचा. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली वाचन होत नाही, तेव्हा पहाटे साडेचार ते साडेसहा.

घरच्यांचं तर तुम्ही फारच नेमकं सांगता. 'मला अभ्यासाला वेळ द्या' असं म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि बदलत काहीच नाही, कारण कुणी काय करायचं ते ठरलेलंच नसतं. त्याऐवजी माणूस, काम आणि वेळ धरून मागायचं: रविवारी ९ ते १ लेकराला आत्याबाई बघतील, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीच्या भाकरी जाऊबाई टाकतील, परीक्षेच्या आठवड्यात बाजार धाकटा दीर करेल. आणि बदल्यात आपण काय करणार तेही त्याच वेळी सांगायचं. पहिल्या संपर्कसत्राला सासूबाईंना किंवा नवऱ्याला सोबत बोलावता, त्याचा तर फार उपयोग होतो. वेळापत्रक त्यांच्यासमोर ठरलं की ते त्यांचंही होतं.

नोकरीच्या ठिकाणी परीक्षेच्या आदल्या दिवशी रजा मागितली की शिफ्ट लागून गेलेली असते. कारखान्यात कायद्याने साधारण २० दिवसांच्या कामाला १ दिवस भरपगारी रजा बसते. ती सणावारांत संपवू नका, पेपरांसाठी राखा आणि निदान १५ दिवस आधी लेखी अर्ज द्या. हॉलतिकीट अगदी तोंडावर येतं, म्हणून अर्जाला परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रिंट जोडा आणि पोच घ्या. पोच घ्यायला लोक लाजतात, पण पुढे तीच कामी येते.

लिखाणाचा सराव ही तुमची आणखी एक देणगी. दहा-बारा वर्षं पेन न धरलेल्या माणसाला उत्तर येत असतं, पण हात भरून येतो आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात. ८० गुण, १८० मिनिटं: दहा गुणांना २० मिनिटं, म्हणजे १६० गेली, उरलेली २० प्रश्नपत्रिका वाचायला आणि तपासायला. रोज एक पान घड्याळ लावून लिहायचं, मग दोन, परीक्षेच्या महिनाभर आधीपासून दर आठवड्याला एक पूर्ण पेपर. स्वाध्यायही पुस्तकातून उतरवून काढायचे नाहीत, पुस्तक मिटून लिहायचे. त्यात सरावही होतो आणि दोन कामांचे तास एका कामात निघतात.

लग्न झालेल्या मुलींच्या नावाचा घोळ तुम्ही प्रवेशाच्याच दिवशी पकडता. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. श्रेयांक जमा होण्यासाठीचा एबीसी आयडी डिजिलॉकरमधून आधारवरच्या नावाने निघतो, आणि नाव जुळलं नाही की निकालाच्या वेळी अडतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद तेव्हाच काढून ठेवायला लावता, म्हणून पुढच्या चकरा वाचतात.

ताई, हे सगळं तुमच्या कामाच्या यादीत कुठंही लिहिलेलं नाही, याची आम्हाला जाणीव आहे. नव्या तुकडीचे प्रवेश सुरू झाले की दर रविवारी आमच्यातले दोघं तुमच्या टेबलाशेजारी बसतील. एक जण कागदपत्रांवरची नावं ताडून बघेल, दुसरा तासांचा कागद भरून घेईल. तुम्ही फक्त शेवटी नजर टाका.

आपले कृतज्ञ,
काम करून शिकणारे विद्यार्थी