फ्रिजच्या झिणझिण्या आणि घरचं अर्थिंग

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'इतकी वर्षं चाललंय ना' म्हणतात आणि आई आंब्यांवर जाते, म्हणून लिहूनच पाठवते.

आई, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून तू चप्पल घालून दार उघडतेस. पत्र्यात करंट उतरतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तसं होतं. माजघरातल्या बोर्डात फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) अशा दोनच तारा आल्यात. थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं आहे, मागे अर्थची, म्हणजे करंट जमिनीत नेणारी तारच नाही.

बाबा, तो कोपऱ्यावरचा वायरमन 'नवे बोर्ड बसवतो, अर्थचा पॉइंट न्यूट्रललाच मारतो, एका दुपारचं काम' म्हणतोय, ते अजिबात करू देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात फांदी पडून खांबावरची तार तुटते हे तुम्हीच सांगता. उद्या न्यूट्रल तुटली, तर चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून फेज घरातल्या न्यूट्रलवर येते आणि तिथून सरळ फ्रिजच्या पत्र्यावर, तेही फ्रिजमध्ये काही बिघाड नसताना. मग झिणझिण्या नाहीत, २३० व्होल्ट. त्यापेक्षा आजच्या दोन तारा बऱ्या! नळाला तार बांधायची युक्तीही नको. आता जमिनीतला पाइप प्लास्टिकचा आहे.

खरं काम अंगणात आहे. अर्थिंगचा पाइप मागीलदारी, न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिकडे पुरा, भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब. आपला जांभा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा होतो, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावालाच उरतं. तिथून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत न्यायची. भिंती फोडायची गरज नाही, वरून केसिंग-पट्टी मारली तरी चालेल. ओटीवरची सागवानी पट्ट्यांची वायरिंग दिसायला सुंदर आहे, मान्य, पण तिच्यावरचं रबर बोट लावलं की भुगा होऊन पडतं. ती गेलीच पाहिजे.

मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, बसवून घ्या. एमसीबी (जादा लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) आहे म्हणून तो नको असं नाही. एमसीबी तारा वाचवतो, माणूस नाही. आरसीसीबी म्हणजे, बाबा, तुमची बँकेतली दिवसअखेरची टॅली: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही की क्षणात लाइन बंद. नव्या तारा पडेपर्यंत तो सारखा ट्रिप होईल आणि वायरमन म्हणेल, 'काढून टाकू, त्रास देतोय.' काढू द्यायचा नाही, गळती कुठे आहे ते शोधायला लावायचं. मात्र दोन हातांनी फेज आणि न्यूट्रल एकदम धरले तर तोही वाचवणार नाही, तेव्हा बाबा, स्टूल आणि टेस्टर घेऊन तुम्ही स्वतः काही उघडू नका.

लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरशी मी बोलले आहे, पैसे मी देणार, त्यावर वाद नको. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून द्यायला सांगा, ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. तोवर आई, फ्रिजचं दार उघडायच्या आधी हात कोरडे कर. आणि गीझर आधी बंद, मग आंघोळ.

तुमची,
माई