पाय अडतो, ते नाटक नव्हे

संपादक महोदय,

कंपवाताचा (पार्किन्सनचा) रुग्ण दारात थबकला की घरचेच 'चला की लवकर' म्हणून डाफरतात. कृपया हे थांबवा.

पाऊल कधी उचलायचे, हात कुठे न्यायचा हे मेंदूतली कुठलीही एक पेशी ठरवत नाही. जॉर्जोपूलोस या शास्त्रज्ञाने 1980च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की हात एका ठरावीक दिशेला जाताना प्रत्येक पेशी सर्वाधिक चेतते, म्हणजे सक्रिय होते, आजूबाजूच्या दिशांनाही थोडीफार. एकटीवरून नेमके काहीच कळत नाही. पण शेकडो पेशींचा कौल एकत्र मोजला, की हात कुठे जाणार ते तो हलण्याआधीच कळते! मला तर हे फार विलक्षण वाटते. मेंदूच्या खोल भागातले पेशीसमूह मग एका हालचालीला वाट देतात, बाकीच्या रोखून धरतात. हा तोल डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर अवलंबून असतो आणि कंपवातात ते बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. माणसाची इच्छा शाबूत असते. पाऊल मात्र सुटत नाही.

आमच्या शेजारच्या काकांच्या उंबऱ्यापाशी फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटले की त्यांचा पाय उचलतो. डोळ्यांना खूण मिळाली की अनेक रुग्णांना अशी मदत होते. सांगली-मिरजेला उपचारासाठी कर्नाटकातूनही माणसे येतात. इथल्या दवाखान्यांच्या व्हरांड्यांत आणि एसटी स्थानकांवर अशा पट्ट्या रंगवायला कितीसा खर्च येणार? महापालिकेने पुढाकार घ्यावा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली