पैसे औषधासाठी नकोत, गाडीसाठी हवेत

गावातली मंडळी, ऊसतोड टोळ्यांचे मुकादम आणि पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या आपल्या लेकी-पोरांना ग्राम आरोग्य समितीचा नमस्कार. घटसर्प झालेल्या लेकराला वेळेत दवाखान्यात पोचवायला वर्गणी मागतोय, म्हणून हे पत्र.

दसरा झाला की आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या टोळ्या हंगामाला निघतील. वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि थोडी लेकरं मागं राहतील, बाकीची लेकरं आईबापासंगं कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत. लसीचा दीड वर्षाचा डोस, पाच वर्षांचा डोस अनेकांच्या बाबतीत नेमका या महिन्यांत येतो आणि राहून जातो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं घरी येतात तोवर लसीचं कार्ड पावसात भिजलेलं नाहीतर हरवलेलं. ज्या लेकरांचे डोस असे सुटतात, त्यांनाच घटसर्पाचा धोका जास्त.

गोठ्यात म्हशींना होतो तो घटसर्प वेगळा, आम्ही बोलतोय तो माणसाचा. घशात पांढुरका-करडा पडदा धरतो, गिळता येत नाही, कधी मान सुजते. घरचे गालगुंड समजून लेप लावत बसतात. तो पडदा बोटानं किंवा कापसानं ओढू नका, रक्त येतं. पण खरी भीती पडद्याचीही नाही. घशात बसलेले जंतू विष तयार करतात आणि ते रक्तातून हृदयापर्यंत, नसांपर्यंत जातं. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिननं जंतू मरतात, पण आधीच सुटलेलं विष तसंच राहतं. त्यावर प्रतिविषच द्यावं लागतं.

हे प्रतिविष १८९० साली बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं. १९०१ साली वैद्यकशास्त्राचं पहिलंच नोबेल मिळालं ते बेहरिंगला. (किटासाटोला का नाही, हे आम्हालाही कोडंच आहे.) आपल्याकडे साप चावल्यावर देतात ते औषध जसं घोड्याच्या रक्तातून काढतात, तसंच हेही. त्यामुळं काहींना त्याची जबर रिॲक्शन येऊ शकते. आधी चाचणी घेऊन, डॉक्टरांच्या डोळ्यासमोर, आणीबाणीची तयारी ठेवूनच ते देतात. आजार किती पसरला आणि किती दिवस अंगावर काढला, त्यावरून २० हजारांपासून १ लाख युनिटपर्यंत मात्रा ठरते. उपकेंद्रात हे होत नाही आणि चौकातल्या मेडिकलवर ते मागून मिळत नाही.

प्रतिविष पकडतं ते फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष. पेशीत शिरलेल्या विषापुढं त्याचं काही चालत नाही. म्हणून नुसती शंका आली तरी डॉक्टर तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता ते सुरू करतात. इथं एक रात्र वाया गेली तर ती भरून निघत नाही, आणि आपल्याकडं रात्र वाया जाते ती गाडीपायी.

उपकेंद्रातली लस फुकट, सरकारी दवाखान्यातलं औषधही फुकट, मग वर्गणी कशाला, असं ग्रामसभेत विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. १०८ ला फोन करायचाच, पण ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असली तर गावातली एखादी जीप डिझेल भरून तयार पाहिजे. ती नेमकी कुठं न्यायची हेही आधी ठरलेलं पाहिजे. अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय असो की संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, प्रतिविषाचा साठा आज कुठं आहे हे निघण्याआधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांमार्फत विचारून घ्यायचं. या फोनाफोनीसाठी गावातली दोन शिकलेली पोरं आम्हाला हवीत.

दुसरा खर्च कमी दिसतो, पण आमच्या मते तोच जास्त महत्त्वाचा. घसा बरा वाटायला लागल्यावर, दुसऱ्या आठवड्यात, हृदय दगा देऊ शकतं. डॉक्टर म्हणतात राहा, पण बापाच्या डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल असते, एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बंद म्हणजे रोजचा तोटा, आणि तो लेकराला उचलून घरी आणतो. अशा आईबापाच्या जेवणाखाण्याचा आणि थोड्या बुडालेल्या मजुरीचा भार समितीनं उचलायचा असं ठरलंय. ही दया नाही, उपचाराचाच भाग आहे.

मुकादमांना एक विनंती. टोळीत एका लेकराला घटसर्प निघाला तर कोपीवरच्या सगळ्यांनी तिथल्या आरोग्य केंद्रात जायचं. जवळच्यांना औषध आणि लस द्यावी लागते. गावाकडं फोन करा, लपवू नका.

धनुर्वाताचंही थोडं. तो गंजामुळं होतो हा समज आहे. जंतू असतो मातीत, शेणात, आणि उसाच्या फडात कोयता लागला की दोन्ही जखमेत जातात. पूर्वीचं टीटी, आता टीडी, हे लसीचं इंजेक्शन शरीराला पुढच्यासाठी तयार करतं, त्याला दिवस लागतात. आधीचे डोस झालेले नसतील आणि जखम खोल, घाण असेल, तर तयार प्रतिविषाचं इंजेक्शनही लागतं. डॉक्टरांना आधीचे डोस सांगता यावेत म्हणून मोठ्यांनीही कार्ड जपावं.

टोळ्या निघण्याआधी आशाताई आणि सिस्टर घरोघरी यादी करणार आहेत. दीड वर्ष, पाच वर्षं, दहा आणि सोळा वर्षं, या वयाचं कोण कुठं जाणार ते त्यांना खरं सांगा. प्रत्येक कार्डाचा फोटो मुकादमाच्या मोबाईलवर आणि एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत राहील. झेरॉक्स आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा खर्च एखाद्या दुकानदारानं उचलला तर बरं होईल.

वर्गणी ग्रामपंचायत कार्यालयातच द्या आणि पावती घ्या. बाहेरगावच्यांनी खात्याचा तपशील सरपंचांकडून मागून घ्यावा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कोणत्याही नंबरवर पैसे टाकू नयेत. पैसे नसतील तर जीप द्या, एका रात्रीचा ड्रायव्हर द्या. हंगाम संपल्यावर जमाखर्च ग्रामसभेत वाचला जाईल आणि उरलेली रक्कम पुढच्या हंगामासाठी याच खात्यात राहील.

आपले,
सरपंच, आशाताई व सदस्य
ग्राम आरोग्य समिती, ता. धारूर, जि. बीड