नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

पणजीतल्या जुन्या नाटकांच्या जाहिराती, मोर्चांची पत्रके, रेडिओच्या कॅसेट आम्ही जमवतोय हे कळताच तुम्ही पिशव्या आणून ठेवल्या, चहालाही थांबला नाहीत. एका पिशवीत गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या १९६७च्या जनमत कौलाची पत्रके निघाली, तीही दोन्ही बाजूंची! (त्या घरात जेवताना काय वाद झाले असतील, देव जाणे.) बुरशी धरलेली फीत कापसाने हलकेच पुसून तुटली तिथे सांधून देणारे काका, तुमचे हात सोन्याचे. गोवामुक्तीसाठी हद्दीपलीकडच्या रानातून १९५५ ते १९६१ चाललेला गुप्त रेडिओ दारे लावून, आवाज बारीक करून कसा ऐकायचो, हे सांगणाऱ्या आजी, तुमचेही मनापासून आभार. आणखी कुणाच्या माळ्यावर ट्रंक असेल तर वाळवीच्या आधी आम्हाला कळवा.