गणिताची पेटी कुलपातून बाहेर येऊ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेच्या पालकसभेला मी गेल्या महिन्यात आजी या नात्याने हजर होते. पहिलीच्या वर्गात मुले दिवसभर चिंचोके उडवत बसतात, अशी तक्रार तिथे एका पालकांनी केली. ‘बाई, खेळायलाच लावायचं असलं तर पोराला घरात ठेवलं असतं की,’ असे ते म्हणाले, सभेत हशा पिकला आणि वर्गशिक्षिका खाली मान घालून बसल्या. मीही प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवले आहे. त्यांनी द्यायला हवे होते ते उत्तर आपल्या दैनिकातून द्यावे, म्हणून हे पत्र.

त्या वर्गात नेमके काय चालते ते मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. फरशीवर खडूने पंचवीस घरे आखलेली होती आणि एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले चार चिंचोके मुलांच्या हातात होते. म्हणजे आपला चौकाबाराच, फक्त नियम थोडे सोपे केलेले. जितके पांढरे वर येतील तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची. सुरुवातीला मुले प्रत्येक चिंचोक्यावर बोट ठेवून मोजतात, पण आठ-दहा दिवसांनी तीन पांढरे दिसले की न मोजताच ‘तीन’ म्हणतात, आणि सोंगटी पाचव्या घरात असली तर पुन्हा एकपासून सुरुवात न करता सहा, सात, आठ असे पुढे जातात. हे पुढे मोजणे जमले की बेरीज आली. पाटीवर ५ + ३ मांडून हीच गोष्ट गळी उतरवायला नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला दोन-दोन महिने लागत, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी याच खेळात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक दानाची भिंतीवर एक रेघ ओढत गेले की तासाभरात दोनाच्या दानापुढच्या रेघा सर्वांत जास्त दिसतात आणि चाराचे दान मागे पडते. चार चिंचोके पडण्याचे एकूण सोळा प्रकार आहेत; त्यांपैकी सहांत दोन पांढरे येतात, चारही पांढरे मात्र एकातच. चौथीच्या मुलाला हे सोळा प्रकार चिंचोके मांडून शोधून काढता येतात. घासलेली बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असल्यामुळे प्रत्यक्षात दान इतके काटेकोर पडत नाही, आणि ते का पडत नाही असे एखाद्याने विचारले की गणिताच्या तासाला विज्ञान सुरू होते. गजगा (सागरगोटा) फरशीवर घासून शेजारच्याच्या दंडाला चटका देणाऱ्या पोरांना आपण फटकावतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते हे त्यांना पुस्तकाच्या आधीच ठाऊक असते.

आपल्या सीमाभागातल्या मुलांची आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. त्यामुळे दुसरीतली कितीतरी मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात. ‘एकोणतीस’मध्ये तर कानावर तीस पडतात आणि लिहायचे असतात २९. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात मला शिरायचे नाही. पंचवीस हा शब्द मलाही प्रिय आहे. माझ्या वर्गातला किराणा दुकानदाराचा एक मुलगा असाच ५२ लिहायचा. वडील दुकानात गिऱ्हाइकांशी कानडीत बोलत, तेव्हा एकदा मी त्याला ‘इप्पत्तैदु’ लिहायला सांगितले, तर त्याने बिनचूक २५ लिहिले. कानडीत वीस आधी आणि पाच नंतर. मग आम्ही खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, दोन जुड्या डावीकडे आणि पाच सुट्या काड्या उजवीकडे ठेवल्या, आणि त्यांना एकदा पंचवीस, एकदा इप्पत्तैदु असे दोन्ही भाषांत म्हणू लागलो. आठवड्याभरात वर्गातला घोळ बराच निवळला. भाषेवरून आपल्याकडे एवढे वाद होतात, पण विटी-दांडू खेळताना आपण ‘वकट, रेंड, मूंड, नाल’ असे ज्या शब्दांनी मोजतो, ते तेलुगू-कानडी वळणाचेच आकडे आहेत.

आता पेटीविषयी. सरकारकडून गणिताच्या साहित्याच्या पेट्या येतात, त्यांत मणी, ठोकळे, घड्याळ, नाणी, अपूर्णांकांच्या पट्ट्या असे चांगले सामान असते. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत ही पेटी कपाटात कुलूपबंद होती आणि आतली प्लास्टिकची पिशवीसुद्धा फुटलेली नव्हती. कारण विचारले तर, ‘डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) चढवलंय, एखादा मणी हरवला तर भरून कोण देणार?’ मी त्या मुख्याध्यापकांना दोष देणार नाही. ज्या तपासणीत पेटीतले मणी मोजले जातात आणि ते कोणत्या मुलाच्या हाताला लागले हे विचारले जात नाही, त्या तपासणीला सामोरा जाणारा माणूस कुलूपच लावणार. मुलांच्या हाताळणीचे साहित्य झिजणार आणि हरवणार हे गृहीत धरून ते खडूप्रमाणे खर्ची टाकण्याची मुभा गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावी, एवढी माझी मागणी आहे.

तोवर पेटीवाचून अडूनही बसू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली महाराष्ट्रातल्या बोर्डी या गावी काम सुरू केले तेव्हा माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून शंख-शिंपले, बिया, खडे यांवरच त्यांनी बालवाडी उभी केली. आपल्या कर्नाटकातही १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’, म्हणजे आनंदाने शिका, या नावाने असाच प्रयोग सरकारी शाळांतून सुरू झाला. आपल्याकडे तर करवंट्या, हँगर आणि सुतळी यांचा तराजू करून त्यात रताळी तोलता येतात. कोणते रताळे जड हे आधी हाताने अंदाजायचे आणि मग तोलून पाहायचे.

मात्र मुलांना नुसते खेळायला सोडून बाई वही तपासत बसल्या तर त्याला खेळातून शिक्षण म्हणता येणार नाही, आणि त्या पालकांची शंका इथपर्यंत मला मान्य आहे. खेळात योग्य वेळी एक प्रश्न टाकावा लागतो. आमच्या शाळेत एका जूनमध्ये तेलाचा मोठा चौकोनी डबा आणि दूध पावडरीचा लहान डबा, दोन्हींची तोंडे कापून, अंगणात शेजारी ठेवले होते. सकाळी पाण्याची उंची कशात जास्त असेल, एवढेच मी विचारले होते. निम्मी मुले मोठ्या डब्याच्या बाजूने, निम्मी लहानाच्या. रात्रभर खानापुरी पाऊस कोसळला आणि सकाळी पट्टी घालून पाहिले तर दोन्हींत उंची जवळजवळ सारखीच! मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, डब्यांच्या जागा बदलून सलग चार दिवस मोजले. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे त्या वर्गाला मला पुन्हा शिकवावे लागले नाही. पाढे मात्र पाठ करायलाच हवेत, आणि त्यांच्यासाठी मी आजही छडीवाचून पण चिकाटीने आग्रह धरीन.

पहिली-दुसरीच्या पालकांनी घरी आलेल्या मुलाला ‘वहीत किती पाने झाली’ असे विचारण्याऐवजी पाच रुपयांच्या नाण्यांतून तीस रुपये मोजून द्यायला सांगावे. माझ्या नात्यातले, इंग्रजी माध्यमाच्या यूकेजीत जाणारे एक मूल शंभरपर्यंत न अडखळता म्हणते, पण ताटात सात पुऱ्या वाढ म्हटले की गोंधळते.

सभेत तक्रार करणाऱ्या त्या पालकांशी मी नंतर बोलले. लहानपणी आजीबरोबर उंबऱ्यात बसून आपणही चौकाबारा खेळत होतो, असे ते म्हणाले. पुढच्या सभेत सगळ्या पालकांना आधी एक डाव खेळायला लावावा असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे. चिंचोके घासून ठेवले आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव